सोलरचे पाणी सकाळी कोमट का होते: टाकीवरचा फोम, पाइपवरचा फोम आणि उष्णतेचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातील अनेक घरांत एकच तक्रार दरवर्षी नव्याने सुरू होते. गच्चीवरच्या सोलरचे पाणी संध्याकाळी हात लावू देत नाही इतके गरम असते आणि सकाळी सहा-साडेसहाला तेच पाणी कोमट येते. तक्रार आली की बहुतेक वेळा निदान ठरलेले असते: ‘टाकीवरचा फोम खराब झाला आहे, नवा चांगला फोम लावा.’ मग कोणी टाकीवर काळे रबर गुंडाळतो, कोणी थर्माकोलचे पत्रे बांधतो, कोणी गादीचा फोम कापून लावतो. दोन-तीन हजार रुपये खर्च होतात आणि पुढच्या हिवाळ्यात तक्रार तशीच उभी राहते. फोमच्या जातींमधला खरा फरक किती आहे हे आकड्यांनी पाहिले, तर हे निदान बहुतेक वेळा का चुकते ते लक्षात येते, आणि पैसे योग्य जागी खर्च करता येतात.

आधी सामग्रीविषयी. कोणत्याही फोममध्ये उष्णता अडवण्याचे मुख्य काम प्लास्टिक करत नाही, तर प्लास्टिकच्या बारीक पेशींत अडकलेला वायू करतो. वायू मोठ्या पोकळीत असला की तो फिरतो आणि उष्णता वाहून नेतो. बारीक पेशीत त्याला फिरायला जागा उरत नाही. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ वॉट प्रति मीटर-केल्विन असते. हा आकडा जितका लहान, तितके उष्णतारोधन चांगले. ज्या फोमच्या पेशींत साधी हवा आहे, तो या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही, कारण हवेच्या वहनात पेशींच्या भिंतींतून होणारे वहन आणि पेशींच्या आरपार जाणारे प्रारण यांची भर पडते. म्हणून थर्माकोल, म्हणजे ईपीएस, घनतेनुसार ०.०३३ ते ०.०४० या दरम्यान येतो. पाइपवर चढवायचा पांढरा पॉलिइथिलीन फोम, ज्याला दुकानात ईपीई म्हणतात, ०.०३५ ते ०.०४५ च्या आसपास असतो. काळा नायट्रिल रबर फोम ०.०३३ ते ०.०३८ आणि एक्सपीएसचे, म्हणजे दाबून काढलेल्या पॉलिस्टायरीनचे, गुळगुळीत, रंगीत पत्रे ०.०२९ ते ०.०३५ इतके असतात.

पफ, म्हणजे कडक पॉलियुरेथेन फोम, यांच्यापेक्षा पुढे असतो, कारण त्याच्या पेशींत हवेपेक्षा कमी उष्णता वाहणारा वायू कोंडलेला असतो. ताजा पफ ०.०२० ते ०.०२५ पर्यंत उतरतो. फिनॉलिक फोम त्याच्याही किंचित खाली जाऊ शकतो, पण घरगुती टाक्यांत तो क्वचितच दिसतो. पफचा हा फायदा कायमचा मात्र नाही. पेशींतला वायू वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर जातो, बाहेरची हवा आत शिरते आणि वाहकता ०.०२५ ते ०.०२८ कडे सरकते. पत्र्यात पूर्ण बंद असलेल्या पफमध्ये ही क्रिया फार मंद असते, तर उघड्या कापलेल्या पफमध्ये ती भरभर होते. फोम फुगवायला कोणता वायू वापरला यावरही बरेच अवलंबून असते. पूर्वी सर्रास वापरला जाणारा एचसीएफसी-१४१बी हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाला आणि उत्पादक सायक्लोपेंटेनसारख्या पर्यायांकडे वळले. पाण्याच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर फुगवलेला पफ त्या मानाने थोडा मागे पडतो, कारण हा वायू पेशींतून लवकर निसटतो. विक्रेत्याला ‘फोम कशावर फुगवलेला आहे’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी समोरचा माणूस माल जाणतो की नाही हे समजते.

कॅटलॉगमधले आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. काही जुन्या कॅटलॉगांत वाहकता वॉटऐवजी किलोकॅलरीत दिलेली असते. तिथला ०.०२० हा आकडा वॉटमध्ये सुमारे ०.०२३ होतो, कारण त्याला १.१६३ ने गुणावे लागते. दोन कॅटलॉग शेजारी ठेवून लहान आकडा निवडणारा ग्राहक अशा वेळी प्रत्यक्षात तोच माल दुसऱ्या एककात विकत घेत असतो. दुसरी गोष्ट तापमानाची. वाहकता तापमानाबरोबर वाढते, म्हणून एका फोमचा आकडा सरासरी १० अंशांना मोजलेला आणि दुसऱ्याचा २५ अंशांना मोजलेला असेल, तर ती तुलना न्याय्य नसते. आतून साठ अंश आणि बाहेरून पंधरा अंश असलेल्या टाकीच्या भिंतीत सरासरी तापमान ३५ ते ४० अंशांच्या घरात असते. थर्माकोलसाठी आयएस ४६७१ आणि तयार पफ व पीआयआर (पफचाच जवळचा प्रकार) फोमसाठी आयएस १२४३६ ही भारतीय मानके आहेत. मोठ्या सोसायटीचे काम असेल, तर मानकाचा क्रमांक, घनता आणि ज्या तापमानाला वाहकता मोजली ते तापमान, या तिन्ही गोष्टी कोटेशनमध्ये लिहून मागाव्यात.

टाकीचा हिशेब

२०० लिटरची, सुमारे ३६ सेंटीमीटर आतील व्यासाची आणि दोन मीटरला थोडी कमी लांबीची आडवी टाकी घेऊ. तिच्याभोवती ५० मिलिमीटर फोम आहे, संध्याकाळी पाचला पाणी ५८ अंश सेल्सिअस आहे, रात्रीचे सरासरी तापमान १५ अंश आहे आणि सकाळी सातपर्यंत कोणी नळ उघडलेला नाही असे धरू. फोम कोरडा आणि अखंड असेल, तर पफमधून चौदा तासांत पाण्याचे तापमान सुमारे साडेतीन अंशांनी उतरते. त्याच जाडीचा थर्माकोल किंवा नायट्रिल असेल, तर सुमारे पाच अंशांनी. फिनॉलिक असेल, तर पावणेतीन अंशांच्या आसपास. फोम अजिबात नसेल, तर तीस अंशांहून अधिक.

हे आकडे थांबून वाचण्यासारखे आहेत. कोणताही बरा, कोरडा, ५० मिलिमीटरचा फोम आणि फोमचा पूर्ण अभाव यांत पंचवीस-तीस अंशांचा फरक आहे. बाजारातला सर्वांत चांगला आणि सर्वसाधारण फोम यांत मात्र सकाळच्या पाण्यात दोन अंशांच्या आसपासचाच फरक पडतो, आणि अंघोळीला तो जाणवतही नाही. म्हणून ५८ अंशांचे पाणी सकाळी ३८ अंशांवर आले असेल, तर ‘टाकीत पफऐवजी थर्माकोल असेल’ हे त्याचे कारण असू शकत नाही. वीस अंशांची घट सामग्रीच्या फरकातून निघतच नाही. ती दुसरीकडून आलेली असते.

जाडीचा परिणाम सामग्रीपेक्षा मोठा असतो, हेही याच हिशेबातून दिसते. पफ असला पण तो ५० ऐवजी २५ मिलिमीटरच भरलेला असला, तर घट सुमारे सहा अंशांवर जाते, म्हणजे ५० मिलिमीटर थर्माकोलपेक्षाही वाईट. स्वस्त टाकीच्या जाहिरातीत ‘पफ इन्सुलेशन’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात आणि जाडीचा उल्लेख कुठेच नसतो. खरेदीपूर्वी नेमकी तीच विचारावी. आतल्या आणि बाहेरच्या टाकीचा व्यास घेऊन त्यांतील फरक निम्मा केला की जाडी कळते.

अखंडपणाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. टाकीतला पफ दोन द्रव मिसळून, दोन भांड्यांमधल्या पोकळीत ओतून जागेवरच फुगवला जातो. मिश्रणाचे प्रमाण चुकले, पत्रा फार थंड असला किंवा ओतायचे भोक गैरसोयीच्या जागी असले, तर फोम सगळीकडे पोहोचत नाही आणि टोकाच्या झाकणांपाशी किंवा वरच्या बाजूला पोकळी राहते. त्या पोकळीत हवा मोकळेपणाने फिरते. टाकीच्या फक्त एक दशांश पृष्ठभागावर अशी पोकळी राहिली, तरी पफचा थर्माकोलवरचा सगळा फायदा संपतो.

आणि सर्वांत मोठा शत्रू पाणी. पाण्याची उष्णतावाहकता ०.६ आहे, म्हणजे स्थिर हवेच्या सुमारे तेवीस पट. पेशींतल्या हवेची जागा पाण्याने घेतली की फोम नावापुरता उरतो. ओलाव्यामुळे टाकीभोवतीच्या थराची परिणामी वाहकता ०.१ पर्यंत गेली, तर वरच्याच टाकीत रात्रीची घट अकरा-बारा अंश होते, आणि हा आकडा लोकांच्या तक्रारीशी प्रथमच जुळू लागतो. बंद पेशींचा पफ पाणी लगेच पीत नाही हे खरे आहे, पण आतून सतत गरम पाण्याची झिरप असेल, तर वाफ वर्षानुवर्षे फोममध्ये शिरून बाहेरच्या थंड पत्र्याजवळ पुन्हा पाणी होते आणि तिथेच साठते. गादीच्या फोमचे तर विचारायलाच नको. तो उघड्या पेशींचा असल्यामुळे कोरडा असताना थर्माकोलच्या जवळपास काम करतो आणि पहिल्याच पावसात स्पंजासारखा भिजतो. गच्चीवर तो कधीही लावू नये.

दोन रात्रींची तपासणी

फोमला हात लावण्यापूर्वी उष्णता टाकीतून जाते की पाइपातून, हे वेगळे करावे. त्यासाठी एक साधा थर्मामीटर आणि दोन सारख्या रात्री पुरतात. पहिल्या दिवशी सूर्य मावळल्यावर टाकीजवळच्या गरम पाण्याच्या वाटेतून पाइपात साचलेले पाणी आधी जाऊ द्यावे, मग दोन-तीन लिटर पाणी स्टीलच्या जगमध्ये घेऊन लगेच तापमान लिहून ठेवावे. फार पाणी काढू नये, कारण जितके काढू तितके थंड पाणी खालून टाकीत येते. त्यानंतर टाकीच्या गरम पाण्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि सकाळी, ऊन येण्यापूर्वी, तिथेच पुन्हा तापमान घ्यावे. दुसऱ्या रात्री सगळे तसेच करावे, मात्र व्हॉल्व्ह उघडा ठेवावा आणि घरात कोणी गरम पाणी वापरू नये. व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी टाकीचा व्हेंट पाइप, म्हणजे हवा आणि वाफ बाहेर सोडणारी नळी, व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे आणि तो मोकळा आहे, याची खात्री करून घ्यावी. व्हेंटचा मार्ग कधीही बंद करू नये. प्रेशर पंपावर चालणारी बंद यंत्रणा असेल, तर सेफ्टी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय ही चाचणी करू नये. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, हेही विसरू नये.

व्हॉल्व्ह बंद असताना घट पाच ते आठ अंश असेल, तर टाकी ठीक आहे असे मी मानतो. फोमच्या हिशेबावर सोलरच्या काचेच्या ट्यूब, जोड आणि व्हेंट यांतून जाणाऱ्या उष्णतेची तेवढी भर पडणे स्वाभाविक आहे. बंद रात्री घट कमी आणि उघड्या रात्री जास्त असेल, तर टाकी आणि तिचा फोम निर्दोष आहेत आणि दोष घराकडे जाणाऱ्या वाटेत आहे. दोन्ही रात्री घट दहा-बारा अंशांच्या वर असेल, तर मात्र टाकी आणि ट्यूब पाहाव्या लागतील.

वाटेतला दोष

उघड्या रात्रीचा दोष बहुतेक वेळा फोमचा नसतोच. घरात कुठेतरी गरम आणि थंड पाण्याच्या वाटा एकमेकींना मिळालेल्या असतात. गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढचा शॉवर किंवा हेल्थ फॉसेट बंद केला, की दोन्ही वाटा आतून जोडल्या जातात. थंड पाण्याचा दाब जास्त असेल, विशेषतः त्या वाटेवर प्रेशर पंप असेल, तर थंड पाणी गरम वाटेतून उलटे वर चढते आणि टाकीतले पाणी थंड करते. एका सोसायटीत एका फ्लॅटमधली अशी एकच जोडणी सगळ्या इमारतीचे पाणी कोमट करू शकते. सोलर आणि गीझर एकाच वाटेवर पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हशिवाय जोडलेले असतील, तरीही हेच होते. अशा घरात टाकीवर कितीही चांगला फोम लावला, तरी काही उपयोग होत नाही.

पाइपवरच्या फोमविषयी अपेक्षा फार मोठ्या असतात, म्हणून तोही हिशेब द्यायला हवा. २० मिलिमीटरच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात एका मीटरला सुमारे ०.३७ लिटर पाणी मावते, म्हणजे गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत १५ मीटर अंतर असेल, तर साडेपाच लिटर. या पाइपात ५५ अंशांचे पाणी साचून राहिले आणि बाहेर १५ अंश तापमान असेल, तर उघड्या पाइपात ते एका तासात सुमारे २६ अंशांवर येते, तर १३ मिलिमीटर नायट्रिलखाली ४० अंशांच्या आसपास राहते. हा फरक मोठा आहे. सकाळी पहिली अंघोळ आणि दुसरी अंघोळ यांत अर्धा-पाऊण तास जात असेल, तर पाइपवरचा फोम पाइपातले पाणी आणि त्यातली उष्णता निश्चित वाचवतो. दहा तासांनंतर मात्र १३ मिलिमीटरखालचे पाणी बाहेरच्या हवेइतके थंड झालेले असते आणि २५ मिलिमीटरखालचे त्याच्यापेक्षा जेमतेम दोन अंश वर असते. पाण्याचा साठा कमी आणि त्याच्याभोवतीचा पृष्ठभाग तुलनेने फार मोठा असल्यामुळे कोणताही फोम पाइपातले पाणी रात्रभर गरम ठेवू शकत नाही. पहाटेचे पहिले थंड पाणी येणारच. ते बादलीत धरून इतर कामाला वापरावे, त्यासाठी फोम बदलण्याचे कारण नाही. ते पाणी कमी करायचे असेल, तर पाइपाची लांबी कमी करावी किंवा गरजेपेक्षा जाड घातलेला पाइप बदलावा.

पाइपसाठी सामग्री निवडताना वाहकतेपेक्षा टिकाऊपणा पाहावा. ईपीई आणि नायट्रिल यांच्या वाहकतेतला फरक पाइपावर नगण्य ठरतो. पण ईपीई ८०-९० अंशांच्या पुढे मऊ होऊन आक्रसतो, आणि सोलरच्या पाइपात हे तापमान येते. मे महिन्यात कुटुंब गावी जाते, आठ-दहा दिवस पाणी वापरले जात नाही आणि ट्यूबच्या सोलरमधले पाणी उकळीच्या जवळ जाते. परत आल्यावर पांढऱ्या फोमच्या नळ्या प्रत्येक सांध्यापाशी इंच-इंच मागे सरकलेल्या दिसतात. नायट्रिल १०५ अंशांपर्यंत टिकतो, म्हणून तो इथे योग्य आहे. त्याचा शत्रू ऊन आहे. उघडे काळे रबर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते, त्याची भुकटी होते आणि उरलेले कावळे, खारी टोकरून नेतात. त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण, ग्लासक्लॉथचा लेप किंवा त्यासाठीचा उन्हाला टिकणारा रंग हवाच. चीर देऊन बसवलेल्या फोमची शिवण रबराच्या चिकटद्रवाने जोडावी आणि ती खालच्या बाजूला ठेवावी, म्हणजे पाऊस आत जात नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्या करकचून आवळू नयेत. १३ मिलिमीटरचा फोम दाबून पाच मिलिमीटर केला, की त्या जागी विकत घेतलेली जाडी वाया जाते. कोपरे, व्हॉल्व्ह आणि टाकीतून पाइप निघतो तो पहिला हातभर तुकडा बहुतेक प्लंबर उघडाच सोडतात. हा पहिला तुकडा सतत टाकीच्या तापमानाला असतो, म्हणून पैसे मोजकेच असतील, तर आधी तोच झाकावा.

टाकीतला दोष

दोन्ही रात्री मोठी घट दिसली, तर सर्वांत आधी ट्यूब पाहाव्यात, कारण ते फुकट आहे. चांगल्या ट्यूबच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा आरसा दिसतो. ट्यूबमधली निर्वात पोकळी गेली की हवा लागून तो आरसा पांढुरका होतो. अशी ट्यूब दिवसा कमी तापते आणि रात्री उष्णता बाहेर टाकते. तिला फोमचा काहीही इलाज नाही, ती बदलावीच लागते. सपाट पॅनेलचे सोलर असेल, तर टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या टोकापेक्षा किमान ३० सेंटीमीटर उंच आहे का ते मोजावे. तो तसा नसेल, तर रात्री पॅनेलमध्ये थंड झालेल्या पाण्यामुळे उलटा प्रवाह सुरू होतो आणि टाकीतले गरम पाणी पॅनेलमध्ये जाऊन थंड होत राहते. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यातील रात्री निरभ्र असतात, आणि निरभ्र आकाशाखाली उघडी काच भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, त्यामुळे ही गळती इथे विशेष तीव्र होते.

ट्यूब ठीक असतील, तर पहाटे सूर्योदयापूर्वी टाकीच्या पत्र्यावरून हात फिरवावा. अखंड, कोरड्या फोमवरचा पत्रा सगळीकडे सारखाच गार लागतो. एखाद्या जागी तो स्पष्ट उबदार लागला, तर त्याखाली पोकळी किंवा ओलावा आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण तो चकचकीत धातूवर चुकीचे आकडे दाखवतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजावे. उबदार जागा वर किंवा टोकाच्या झाकणावर असेल आणि तळ कोरडा असेल, तर पोकळीची शक्यता जास्त. उबदार पट्टा तळाशी असेल, ट्यूबच्या तोंडाजवळच्या रबर रिंगांवर क्षाराचे पांढरे ओघळ असतील किंवा पाऊस नसताना खालच्या सांध्यातून थेंब पडत असतील, तर फोम भिजला आहे. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत रिंगांभोवती क्षार जमून गळती लवकर सुरू होते, म्हणून तिथे ही तपासणी दरवर्षी पावसाळ्यानंतर करावी.

पोकळी भरता येते. त्यासाठी बाहेरच्या पत्र्याला दोन भोके पाडून, एकातून दोन घटकांचा पफ ओततात आणि दुसऱ्यातून हवा बाहेर येऊ देतात. दुसरे भोक नसेल, तर फुगणारा फोम पत्रा वाकवतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा फवाऱ्याच्या डब्यातला फोम इथे चालत नाही. तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो आणि बंद पोकळीत त्याला ओलावा न मिळाल्यामुळे आतून चिकट, कच्चा राहतो. दोन घटकांच्या पफची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून हे काम अनुभवी माणसाकडून, मोकळ्या हवेत आणि योग्य मास्क घालूनच करून घ्यावे.

भिजलेल्या फोमला मात्र सोपा उपाय नाही. बंद पेशींत शिरलेले पाणी उन्हाने परत निघायला महिने लागतात आणि गळती चालू असेल, तर ते कधीच निघत नाही. गळती थांबवणे, पत्रा उघडून ओला भाग कापून काढणे आणि तिथे नवा पफ भरणे एवढाच मार्ग आहे. आतली टाकीच गंजून गळत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नयेत, टाकी बदलावी. ओल्या फोमवर बाहेरून नायट्रिलचा थर चढवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे: त्यामुळे आतली ओल अधिक काळ कोंडून राहते, बाहेरचा पत्रा आतून गंजतो आणि दोष नजरेआड होतो.

आणि टाकी चांगली असेल, तर तिच्यावर जादा थर चढवण्याचा फायदाही जेमतेम असतो. ५० मिलिमीटर कोरड्या पफवर आणखी २५ मिलिमीटर नायट्रिल गुंडाळले, तर रात्रीची घट साडेतीन अंशांवरून सुमारे अडीच अंशांवर येते. त्या एका अंशासाठी लागणाऱ्या पैशात पंधरा मीटर पाइपवर आवरणासह चांगला फोम चढवता येतो, आणि घरच्यांना प्रत्यक्ष फरक तिथेच जाणवतो. निफाडसारख्या, पारा बराच खाली उतरणाऱ्या गावातही या दोन कामांचा क्रम मी बदलणार नाही.

थर्माकोलविषयी एक इशारा. वाहकतेच्या दृष्टीने तो पुरेसा चांगला असला, तरी तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि आक्रसतो. म्हणून गरम टाकीच्या पत्र्याला लागून थर्माकोल किंवा एक्सपीएस कधीही वापरू नये. मे महिन्यात तो आकसेल आणि डिसेंबरमध्ये तिथे फट असेल. गच्चीच्या स्लॅबखाली किंवा भिंतीत तोच थर्माकोल उत्तम काम देतो. शिवाय थर्माकोल, ईपीई, पफ हे सगळे जळतात. टाकीच्या स्टँडचे वेल्डिंग करायचे असेल, तर जवळचा फोम आधी काढून ठेवावा किंवा ओल्या गोणपाटाने झाकावा.

सामग्रीची तुलना स्वतः करून पाहायची असेल, तर घरी करता येते. सारख्या आकाराचे स्टीलचे डबे घ्यावेत, त्यांभोवती वेगवेगळे फोम सारख्याच जाडीने लावावेत आणि झाकण व तळही तितक्याच काळजीने झाकावेत, कारण उघडे झाकण ठेवले तर सगळी तुलना झाकणाचीच होते. प्रत्येकात एकाच पातेल्यातले गरम पाणी वजन करून सारखे भरावे, पंखा बंद ठेवावा आणि दर अर्ध्या तासाने तापमान लिहावे. एक डबा उघडा ठेवावा आणि एकाभोवती गादीचा फोम मुद्दाम भिजवून लावावा. थर्माकोल, ईपीई आणि नायट्रिल इतके जवळजवळ राहतील, की त्यांचा क्रम लावताना थर्मामीटरची चूकही विचारात घ्यावी लागेल. भिजलेल्या गादीच्या फोमचा डबा मात्र पहिल्या दोन-तीन नोंदींतच मागे पडलेला दिसेल.

दुरुस्ती झाल्यावर तीच दोन रात्रींची चाचणी पुन्हा करावी आणि तिच्यासाठी पहिल्या वेळेसारख्याच थंडीची रात्र निवडावी, नाहीतर हवामानातला फरक दुरुस्तीच्या नावावर जमा होतो. नव्याने भरलेला पफ पूर्ण घट्ट होण्यासाठी एक दिवस जाऊ द्यावा. व्हॉल्व्ह बंद ठेवलेल्या रात्रीची घट अजूनही आठ अंशांच्या वर राहिली, तर टाकीच्या दोन टोकांची झाकणे आणि ज्या ट्यूबचा आरसा अर्धवट पांढरा झाला आहे अशा ट्यूब, या दोन जागा पुन्हा तपासाव्यात.